लिंडेन ग्लेनचे लाकडी घोडे

लिंडेन ग्लेन, मेरीलँड
१२ ऑगस्ट १९६२

प्रिय ऑगस्टाताई,

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नका. इथं उकाड्यानं जीव नकोसा झालाय, त्यात करमणुकीच्या पार्कचा हंगाम ऐन भरात. आमच्या अंगणाला लागूनच पार्कचं मागचं कुंपण, त्यामुळे दिवसभर पाळण्याचा बाजा कानात. मी भांडी घासते तीही आता त्याच तालावर घासते.

तुमच्या भावाची, एझेलची तब्येत बरी आहे. सकाळी मागच्या फाटकानं आत जातो, लाकडी घोड्यांच्या गोल पाळण्याच्या मधोमध जी आरशांची कोठी आहे तिच्यात शिरतो आणि दार लावून घेतो. दार लावायचं ही मालकाची, डेनहॉफ साहेबांची सक्त ताकीद. बाहेर तिकिटं तपासायला एक गोरा पोरगा लाल कोट घालून उभा असतो. आतला दांडा ओढणारा, पट्टा सांभाळणारा काळा माणूस लोकांच्या नजरेला पडता कामा नये. इतकी वर्षं लोकांना वाटतंय की पाळणा आपोआपच फिरतो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. आमची अर्लीन कॉलेजच्या सुट्टीत घरी आलीय, पण घरात तिचा पाय नाही. रोज संध्याकाळी पाद्री ओट्सच्या चर्चमध्ये पोरं जमतात. काळी पोरं, आणि बाल्टिमोरहून येणारी चारदोन गोरी पोरंसुद्धा. त्यांचं ठरलंय की काळ्यांना बंदी असलेल्या ह्या लिंडेन ग्लेन पार्कात आत जायचं. गोऱ्या पोरांनी तिकिटं काढायची, आपल्या पोरांच्या हातात द्यायची आणि ह्यांनी सरळ जाऊन बसायचं. कुठं बसायचं ते तुम्हाला सांगायला नको.

मी म्हटलं, "अगं, दुसरं काही नाही का त्या पार्कात? बसायचंच तर होडीत बसा."

तर म्हणते, "आई, होडीत बसायला मी अख्खं लहानपण कुंपणाला नाक लावून नाही काढलं."

डेनहॉफ साहेबांपर्यंत कुणकुण गेलीच. परवा ते स्वतः अंगणात आले. टोपी डोक्यावरच. म्हणाले, "व्हर्डेल, तुझा नवरा भला माणूस आहे. घर भलं आहे. पोरीला आवर." घर त्यांचं आहे. एझेलची नोकरी आहे तोवर आमचं.

एझेलला सांगितलं तर तो नुसता काट्यानं ताटातल्या पालेभाजीशी खेळत बसला. ताई, तुम्ही अर्लीनला डेट्रॉइटला बोलावून घ्या ना. आत्याकडे जायला ती नाही म्हणणार नाही.

तुमची,
व्हर्डेल


डेट्रॉइट
१८ ऑगस्ट १९६२

व्हर्डेल,

तुझं पत्र लाँड्रीत वाचलं आणि एका वकिलाचा शर्ट जाळून ठेवला. देवाची मर्जी. त्या वकिलाकडे शर्ट पुष्कळ आहेत.

तो टोपीवाला तुझ्या अंगणात येऊन तुला नावानं हाक मारतो आणि तू त्याला साहेब म्हणतेस? इथं माझा मुकादम मला मिसेस ग्रीअर म्हणतो. मनातून म्हणत नसेल, पण तोंडानं म्हणतो. कितीदा सांगितलं तुम्हाला, ते खुराडं सोडा आणि इकडे या. माझं घर आहे, मागे परस आहे, परसात पेअरचं झाड आहे. एझेलला मोटारींच्या कारखान्यात कुणीही उचलून घेईल. पण माझा भाऊ म्हणजे! आई गेली तेव्हा तो शेंबडा पोर होता, माझ्या झग्याचं टोक धरून फिरायचा. अजून कुणाच्या तरी झग्याचं टोक धरूनच आहे, फक्त आता तो झगा डेनहॉफचा आहे. माझं हे वाक्य त्याला वाचून दाखव.

अर्लीनला जरूर पाठव. मात्र आत्ता लगेच नको. घराला रंग द्यायचं चाललंय, सगळं सामान पसरलंय. पुढच्या महिन्यात बघू.

आणि पोरीला फार धाक घालू नकोस. तिच्यात आमच्या घराण्याचं काहीतरी उतरलंय, बापाला वगळून.

ऑगस्टा


लिंडेन ग्लेन
२७ ऑगस्ट १९६२

प्रिय ऑगस्टाताई,

अर्लीन काउंटीच्या तुरुंगात आहे. आधी हे लिहून टाकते, म्हणजे बाकीचं तुम्हाला नीट वाचता येईल.

शनिवारी दुपारी मी चादरी वाळत घालत होते. आमच्या पाळण्याचं तुम्हाला ठाऊक आहे, एका फेरीला एक गाणं. गाणं संपलं की पाळणा थांबतो, माणसं उतरतात, नवी चढतात. मधे शांतता असते. त्या शांततेची इतकी सवय झालीय की तेवढ्यात मी श्वास घेते असं वाटतं. शनिवारी गाणं संपलं आणि शांतता झालीच नाही. पुन्हा तेच गाणं. मग पुन्हा. बाजा आणि चक्र एकाच पट्ट्यावर चालतात, चक्र जोरात पळालं की गाणंही घाईघाईत पळतं. एवढं घाईत मी ते कधी ऐकलं नव्हतं. कुणीतरी मागे लागल्यासारखं.

चादर तशीच टाकली, धुण्याचं टोपलं पालथं घातलं आणि त्यावर चढून कुंपणापलीकडे बघितलं.

आपली पोरं घोड्यांवर होती, ताई. चर्चच्या कपड्यांत. अर्लीननं पिवळा झगा घातला होता. चक्र असं गरगरत होतं की मला फक्त पिवळा पट्टा दिसायचा, गेला, आला, गेला, आला. भोवती गोऱ्यांची ही गर्दी. कुणी टाळ्या वाजवत होतं, कुणी थंड पेयाचे कागदी पेले फेकत होतं. आणि कर्ण्यावरून डेनहॉफ साहेबांचा आवाज, "ही खाजगी जागा आहे. ताबडतोब खाली उतरा. ही खाजगी जागा आहे." पळत्या चक्रावरून उतरायचं कसं ते काही सांगत नव्हते. एका मुलाला उलटी झाली, त्यावर लोक हसले. ऊन रणरणतं. गाणं संपायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. मला टोपल्यावरून उतरवेना. मी उतरले तर तिला काहीतरी होईल असं वाटत होतं.

मग एकदम पाळणा थांबला. चक्र नीट थांबायच्या आतच पोलीस चढले. अर्लीन उठली नाही, तिला हातापायांना धरून नेलं. तिचा एक बूट तिथंच राहिला.

एझेल घरी आला, पंपावर जाऊन हात धुतले, बराच वेळ धुतले. मी विचारलं, "चालू तू केलास?" हो म्हणून मान हलवली. "थांबवलास तू?" पुन्हा तशीच मान हलवली.

काल तुरुंगात भेटायला गेले. अर्लीन जामीन घ्यायला तयार नाही. ती आणि आणखी काही जणं खटला उभा राहीपर्यंत आतच बसणार. बाकीच्यांना घरच्यांनी सोडवून नेलं. मला म्हणाली, "आई, बाबांना सांग, इकडे येऊ नका."

"अगं पण..."

"फिरत होतो तोवर आम्ही कुणाच्या हाती लागत नव्हतो. काय व्हायचं होतं? चक्कर येत होती, येऊ दे. मी गळा फाटेस्तोवर ओरडत होते, बाबा, थांबवू नका. ते आत होते. मला माहीत आहे त्यांना ऐकू आलं. आणि त्यांनी थांबवून आम्हाला पोलिसांच्या हवाली केलं."

तिच्याबरोबर डेल्फीन म्हणून मैत्रीण होती, व्हर्जिनियाकडची, तिच्या कपाळाला जखम झालीय म्हणे. पोलिसांनीच मारलं असणार. तिला वेगळ्या गाडीतून नेलं आणि तिचे आईवडील तिला परस्पर घरी घेऊन गेले.

हे सगळं मी घरी येऊन एझेलला जसंच्या तसं सांगितलं. तो उठून अंगणात गेला आणि पडलेल्या चादरीची घडी घालत बसला.

तुमची,
व्हर्डेल


डेट्रॉइट
३ सप्टेंबर १९६२

व्हर्डेल,

हे पत्र तुला नाही, माझ्या भावाला आहे. त्याला वाचायला दे. वाचत नसेल तर त्याच्या डोक्याशी उभी राहून मोठ्यानं वाच.

एझेल, इथल्या आपल्या लोकांच्या पेपरात छापून आलंय. "पार्कच्या निग्रो नोकराने पाळणा थांबवल्यावर पोलिसांनी विद्यार्थ्यांना ताब्यात घेतले." नाव छापलं नाही हे माझं नशीब. चर्चमध्ये बायका वाचत होत्या, मी हातातला पंखा हलवत होते. मी तुला मांडीवर घेऊन वाढवला. स्वतःचा घास तुला भरवला. ते ह्यासाठी? मालकानं फिरव म्हटलं की फिरवायचं, थांब म्हटलं की थांबवायचं, आणि त्या घोड्यावर पोटची पोर आहे की लाकूड आहे ह्याच्याशी काही कर्तव्य नाही? घोडेसुद्धा लाकडाचे आणि आत बसणाराही लाकडाचाच.

तुझ्या पोरीचं बरोबर आहे. जाऊ नकोस तिला भेटायला. तोंड घेऊन जाशील कुठलं?

ऑगस्टा


लिंडेन ग्लेन
१६ सप्टेंबर १९६२

ताई,

तुमचं पत्र त्यानं स्वतः वाचलं. मोठ्यानं वाचायची वेळ आली नाही. वाचून झाल्यावर त्याची घडी केली आणि म्हणाला, "ताईचं अक्षर अजून तसंच आहे." एवढंच. मला राग येऊ शकत नाही तुमचा, कारण माझ्या मनातही तेच होतं. पण ते दुसऱ्याच्या अक्षरात वाचलं आणि मला सोसवलं नाही.

इकडे आता पेच पडलाय. गेल्या आठवड्यात डेनहॉफ साहेब पुन्हा आले. ह्या वेळी टोपी हातात होती, म्हणून मला जास्तच भीती वाटली. खुर्चीत बसले. एझेल उभा.

म्हणाले, "कोर्टात विचारतील पाळणा कुणी चालू केला. तुझी पोर वर बसली होती. तुला वाटलं, एक चक्कर मारू द्यावी. बापच तू. माझ्याकडे न विचारता चालू केलास. मला काही राग नाही. एवढं सांगितलंस की झालं. नोकरी आहे, घर आहे, म्हातारपणापर्यंत."

एझेल म्हणाला, "बरं साहेब."

मी चुलीकडे तोंड करून उभी होते. 'बरं साहेब' म्हणजे करतो की ऐकलं, हे त्या घरात कुणालाच कळलं नाही. मला तर लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी पोरांचे वकील आले, मिस्टर बॅस्कम, बाल्टिमोरचे, आपलेच. त्यांनी समजावून सांगितलं. पोरांवर आळ असा की बाहेर जा म्हणून सांगितल्यावरही ती बसून राहिली. म्हणजे घुसखोरी. "पण मिसेस टॉलिव्हर," ते म्हणाले, "मालकानंच पाळणा भरधाव सोडायला लावला असेल, तर पोरं उतरणार कशी? उतरायची वाटच बंद करून वर 'उतरा' म्हणायचं? हे कोर्टाला सांगणारा माणूस एकच आहे." आणि एझेलकडे बघितलं.

एझेल म्हणाला, "ऐकलं मी."

म्हणजे बघा. डेनहॉफसारखं बोलला तर पोर गुन्हेगार ठरते आणि आयुष्यभर तोंड बघणार नाही. खरं बोलला तर गोऱ्या मालकाला भर कोर्टात खोटारडा ठरवल्यासारखं होतं, आणि त्या रात्रीपासून आम्ही रस्त्यावर. ह्या गावात दुसरं कोण त्याला कामावर घेईल? त्याला येतं काय, तर एक पाळणा चालवता येतो. ह्या काउंटीत दुसरा पाळणा नाही.

रात्री तो झोपत नाही. मी पण झोपत नाही, पण झोपल्याचं सोंग करते, म्हणजे त्याला एकट्याला जागता यावं.

म्हणून आता सरळ विचारते. आम्हाला निघायची वेळ आलीच, तर तुमच्याकडे येऊ का? परसात एक कोपरा चालेल. तुम्ही हो लिहिलंत की मी त्याला सांगेन, बोल तुला काय बोलायचं ते. लवकर उत्तर द्या.

व्हर्डेल


डेट्रॉइट
२ ऑक्टोबर १९६२

व्हर्डेल,

उत्तर लांबलं. तीनदा लिहायला बसले.

घर नाही. म्हणजे आज आहे, पण भिंतीवर पांढऱ्या चुन्यानं खूण करून गेलेत. आमच्या आळीतून मोठा रस्ता जाणार आहे, मोटारींसाठी. आमचं चर्च पाडलं, न्हाव्याचं दुकान पाडलं, समोरची ओळ सगळी पाडली. आता धुरळा असा की खिडकी उघडता येत नाही. ह्या हिवाळ्यात माझी पाळी. रंगबिंग काही चाललेला नव्हता. पेअरचं झाड मात्र खरं आहे, अजून उभं आहे.

मी कुठं जाणार ते मलाच ठाऊक नाही. लाँड्रीतली एक बाई मला तिच्या खोलीत पडदा लावून जागा देते म्हणालीय. तिथं तुम्ही तिघं कशी मावाल? तुला लिहिलं नाही कारण आमच्या घरात मी मोठी. मोठ्या बहिणीचं घर पाडतात, हे धाकट्या भावाला कोणत्या तोंडानं लिहू?

माझ्या भरवशावर राहू नकोस. एझेलला जे बोलायचं ते त्याला पायाखाली जमीन नसतानाच बोलावं लागेल. मागच्या पत्रात मी त्याला नको ते बोलले. हे त्याला सांग, किंवा नको सांगू. तुझं तू ठरव.

ऑगस्टा


लिंडेन ग्लेन
२० ऑक्टोबर १९६२

प्रिय ऑगस्टाताई,

तुमचं पत्र मी एझेलला दाखवलं नाही. आता कोर्ट झालंय, म्हणून कबूल करते. त्याला वाटत होतं डेट्रॉइटचं दार उघडं आहे. मला वाटलं, निदान तेवढं तरी त्याला वाटू दे. सकाळी कोट घालताना मात्र माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताईचं घर गेलं ना? आलं होतं पेपरात, तिच्या आळीचं." म्हणजे त्याला सगळं माहीत होतं.

कोर्टात आम्हाला मागच्या बाकांवर बसवलं. अर्लीन समोर, वाळलेली, केस ओढून बांधलेले. बापाकडे तिनं मान वळवली नाही. डेनहॉफ साहेबांनी शपथ घेऊन सांगितलं, की माझ्या माणसानं परस्पर पाळणा चालू केला, मी तर उतरा उतरा म्हणत होतो. मग एझेलला बोलावलं.

मिस्टर बॅस्कमनी विचारलं, "पाळणा कुणी चालू केला?"

"मी."

डेनहॉफ साहेब मागे रेलून बसले. मी डोळे मिटले.

"का?"

"साहेबांनी सांगितलं."

कोर्टात कुजबुज. न्यायाधीशांनी हातोडा आपटला.

"काय सांगितलं? त्यांच्याच शब्दांत सांगा."

एझेल सावकाश बोलला, तो बोलतो तसाच. "कोठीचं दार उघडून म्हणाले, 'ह्यांना फिरायची हौस आहे ना, सोड पूर्ण वेगात. आतडी बाहेर येईस्तोवर थांबवायचं नाही.' आणि दार लावून घेतलं."

"मग तुम्ही थांबवलात कशासाठी? त्यांनी थांबवा म्हटलं?"

"नाही."

"मग?"

"आरशांच्या मधे फट आहे. तिच्यातून मला बाहेरचं थोडंसं दिसतं. एक मुलगी घोड्यावरून घसरली. पाय रिकिबीत अडकला होता, डोकं खाली लोंबत होतं. दर फेरीला माझ्यासमोरून जायची. आधी ओरडत होती. मग ओरडायची थांबली. तिच्या कपाळावर रक्त होतं." तो थांबला. मिस्टर बॅस्कमनी पुढचं विचारायला तोंड उघडलं, पण एझेलच बोलला. आता तो कुणाशी बोलत होता ते कोर्टाला कळलं नसेल. "माझी पोर पलीकडच्या अंगाला होती. ती म्हणत होती, बाबा, थांबवू नका. ऐकू येत होतं मला. पण तिला ती मुलगी दिसत नव्हती. मला दिसत होती."

मला डेल्फीनच्या कपाळाची जखम आठवली. मी अर्लीनकडे बघितलं. तिनं दोन्ही हातांत तोंड लपवलं होतं.

तुम्हाला वाटेल आता न्यायाधीशांनी सोडून दिलं असेल. मलाही तेव्हा तसंच वाटलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, पाळणा कुणी आणि का फिरवला हा प्रश्न माझ्यासमोर नाही. आत येण्याचा हक्क होता का, एवढाच प्रश्न आहे, आणि तो नव्हता. सगळी दोषी. जेवढे दिवस आत काढले तेवढीच शिक्षा पुरे. मिस्टर बॅस्कम वरच्या कोर्टात जाणार आहेत. त्याला किती काळ लागेल ते तेही सांगू शकत नाहीत.

बाहेर पडताना अर्लीन आणि एझेल दारात समोरासमोर आले. मी मुद्दाम मागे राहिले. मग एझेलनं तिच्या हातातलं गाठोडं घेतलं, "भूक लागली असेल," एवढं म्हणाला. ती म्हणाली, "हो." गाडीत पुढे एक, मागे एक. तुमचं घराणं म्हणजे! दोन दिवसांनी ती कॉलेजला गेली. त्या दोन दिवसांत दोघांनी हवेबद्दल इतकं बोलून घेतलं की मला वाटलं पाऊस पाडतायत की काय.

घर रिकामं करायची चिठ्ठी त्याच संध्याकाळी दाराला लावलेली होती. आम्ही आता पाद्री ओट्सच्या चर्चच्या तळघरात आहोत. एक खिडकी आहे, जमिनीच्या पातळीला. पार्क हिवाळ्यासाठी बंद झालंय. ताई, मला वाटलं होतं बाजा थांबला की मला बरं वाटेल. तसं काही झालं नाही. आता मी दिवसभर त्याची वाट बघते.

तुमची,
व्हर्डेल


डेट्रॉइट
४ नोव्हेंबर १९६२

व्हर्डेल,

हे एझेलला दे.

बाळा, मी चुकले. आणखी काही लिहिता येत नाही. तू त्या मुलीसाठी थांबवलास.

मी लाँड्रीतल्या बाईच्या खोलीत पडद्यामागे राहायला आले. पलीकडे त्या बाईचा नवरा घोरतो. झाड तोडायच्या आधी जेवढे पेअर निघाले ते पाकात घालून बरण्या भरल्यात. बर्फ पडायच्या आत दोन पाठवते. तळघरात थंड राहतील.

ऑगस्टा


लिंडेन ग्लेन
१४ जुलै १९६३

प्रिय ऑगस्टाताई,

बसचं तिकीट काढलंत हे वाचून एझेल दिवसभर शीळ घालत होता. आम्ही आता इथल्या न्हाव्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आहोत, त्यातली खिडकीची तुम्हाला. पडदा लावायची गरज नाही, मधे खरी भिंत आहे. पण तुम्ही याल तेव्हा घरात जे घडलंय ते तुम्हाला आधी माहीत असावं, नाहीतर बसमधून उतरताच भावाला फैलावर घ्याल.

पार्क सगळ्यांना खुलं झालं. हिवाळाभर पोरं बंद फाटकासमोर पाट्या घेऊन उभी राहिली, वसंतात तर पाद्री, ज्यूंचे रब्बाय, म्हाताऱ्या बायका, सगळ्यांनाच गाड्या भरभरून तुरुंगात नेलं. तुरुंगात जागा उरली नाही आणि पार्कात गिऱ्हाईक उरलं नाही. शेवटी डेनहॉफ साहेबांनी काउंटीच्या अधिकाऱ्यांसमोर सही केली.

सही केली, पण पाळणा चालेना. हंगामाच्या सुरुवातीला नवा माणूस आणला होता, त्यानं पट्टा तोडला, बाजाचं काहीतरी मोडलं. तर डेनहॉफ साहेब न्हाव्याच्या दुकानाचा जिना चढून वर आले. मी दारातच उभी राहिले. आत या म्हटलं नाही.

"एझेल, ये कामावर," ते म्हणाले. मागच्या वर्षाबद्दल एक अक्षर नाही.

मी मनात म्हणत होते, नाही म्हण. नाही म्हण. हिवाळाभर तो लाकडाच्या वखारीत ओझी वाहत होता, खोकला अजून गेला नाही, तरी मला वाटत होतं, नाही म्हणावं.

एझेल म्हणाला, "कोठीचं दार उघडं राहील."

"उघडं कसं राहील? पट्टा, वंगण, लोकांना दिसेल सगळं."

"दिसू दे."

"लोकांना ते बघायला आवडत नाही, एझेल."

"मग दुसरा माणूस बघा."

साहेब जिना उतरून गेले. पुन्हा वर आले. म्हणाले, "उघडं तर उघडं."

त्या दिवशी आमचं खूप भांडण झालं. मी म्हटलं, तू पुन्हा त्याच भोकात जाऊन बसणार? तो म्हणाला, "मला ते काम येतं, व्हर्डेल. त्याच्यात माझी काय चूक?" ह्याचं उत्तर तुम्हाला सुचलं तर बघा.

काल उद्घाटन होतं. गर्दी मावत नव्हती. पेपरवाल्यांना अर्लीनचा फोटो हवा होता, घोड्यावर बसलेला. ती म्हणाली, "मला पाळण्याकडे बघूनच मळमळतं. आईचा काढा." आणि मला पुढे ढकललं. मी! ह्या वयात, ह्या अंगानं! एका काळ्या घोड्यावर कशीबशी चढले. माझ्या पुढे दोन लहान पोरी, रिबिनी बांधलेल्या, मागे कुणीतरी गोरा बाप पोराला घट्ट धरून.

पाळणा सुरू झाला. कोठीचं दार उघडं होतं. मी पहिल्यांदाच एझेलला काम करताना बघत होते, ताई. आतमध्ये काळोख, भट्टीसारखी धग, आणि तो बनियनवर, दांड्यावर हात ठेवून बसलेला. माझ्याकडे बघितलं आणि हात वर केला. मग मी पुढे गेले.

फिरून आले तर दारापाशी अर्लीन उभी होती. ती कोठीजवळ कधी गेली ते मी बघितलं नव्हतं. पाळणा सुरू व्हायच्या आधीच चक्र ओलांडून गेली असणार, मळमळ तशीच गिळून.

फिरून आले. अर्लीन आत होती. वंगणाच्या डब्यावर, बापाच्या शेजारी बसलेली, तिचा नवा पांढरा झगा घालून. दोघं समोर बघत होती.

फिरून आले. ती बोलत होती. हात हलवून हलवून बोलत होती, आणि एझेल मान खाली घालून ऐकत होता.

बाजा इतका मोठ्यानं वाजत होता की एक शब्द ऐकू येईना. मी घोड्याचा दांडा धरून मान वळवून वळवून बघत होते. मागचा गोरा बाप म्हणाला, "बाई, सांभाळा, पडाल." मी म्हटलं, "पडू द्या."

फिरून आले. आता एझेल बोलत होता. तुमचा भाऊ, ताई, तोंड उघडून, न थांबता बोलत होता. अर्लीननं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं. दांड्यावर त्याचा हात, त्या हातावर तिचा हात.

काय बोलला ते मी कुणालाच विचारलं नाही. विचारणारही नाही.

गाणं संपलं, पाळणा थांबला. माणसं उतरली. लाल कोटवाला पोरगा मला म्हणाला, "बाई, फेरी झाली." मी दाराकडे बघितलं. एझेलनं माझ्याकडे बघितलं, मग त्या पोराकडे.

"बसू दे तिला," तो आतून ओरडला, सगळ्यांना ऐकू जाईल असा, आणि त्यानं दांडा ओढला.

तुमची वाट बघतेय,
व्हर्डेल